समुद्रतळ, हिमनदी आणि दगडी कोळसा : चंद्रपूर-गडचिरोलीचा भूवारसा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनजिल्हे आज कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर अंतरावर आहेत; तरीही राजुरा, कोरपना आणि गडचांदूरच्या परिसरात ज्या चुनखडकावर सिमेंटचे मोठमोठे कारखाने पोसले गेले, तो खडक एका प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झालेला आहे. भूवैज्ञानिक त्याला पैनगंगा गटाचा चुनखडक म्हणतात आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास मानतात. त्या काळी जमिनीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते, आणि जीवसृष्टी म्हणावी ती पाण्यातील सूक्ष्म रूपांपुरतीच होती. घुग्घुस, आवारपूर, उपरवाही आणि गडचांदूर येथील कारखान्यांतून निघणारी सिमेंटची गोणी म्हणजे त्या विरून गेलेल्या समुद्राचा गाळ होय, हे या भागात येणाऱ्या प्रवाशाला सहसा कोणी सांगत नाही. ताडोब्याच्या वाघासाठी येणारा पर्यटक याच खडकांवरून येतो आणि याच खडकांवरून परत जातो. पण या जिल्ह्यांतील कारखाने, किल्ले, देवळे आणि जंगले यांची एकत्रित संगती लावायची असेल, तर सुरुवात जमिनीखालूनच करावी लागते.

या समुद्रतळावर पुढे जे घडले त्याचा सर्वांत बोलका पुरावा वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या संगमाच्या परिसरात, इरई नावाच्या गावाजवळ सापडला. हे गाव आणि चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी ही दोन वेगळी स्थळे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे फ्रान्सिस फेडन यांना १८७० च्या दशकात तेथे चुनखडकाचा असा पृष्ठभाग आढळला की, जो घासून गुळगुळीत झालेला होता आणि ज्यावर एकाच दिशेने गेलेले लांब, समांतर ओरखडे आणि खोबणी होत्या. त्याच्यावर चिकणमातीत रुतलेल्या लहानमोठ्या गोट्यांचा थर होता. वाहते पाणी दगडांची निवड करते. जड गोटे आधी टाकते, वाळू पुढे नेते आणि गाळ त्याहून पुढे. येथे मात्र मुठीएवढे गोटे, अजस्र धोंडे आणि बारीक माती अशी सारी सरमिसळ होती, आणि त्यांतल्या काही गोट्यांच्या बाजू सपाट घासलेल्या व ओरखडलेल्या होत्या. अशी सरमिसळ आणि असे ओरखडे ही जाड बर्फाची करणी असते, कारण सरकता बर्फ वाटेतले सारे दगड पोटात घेऊन जातो आणि त्याच दगडांनी खालचा खडक कानशीसारखा घासतो.

अशा गोट्यांचा थर ओडिशातील तालचेर येथे १८५६ मध्येच ओळखला गेला होता आणि त्यावरूनच या थरांना तालचेर थर म्हणतात. परंतु उष्ण कटिबंधातील भारतात कधी काळी बर्फ होता, हे मान्य करायला तत्कालीन विद्वान बिचकत होते. इरईच्या ओरखडलेल्या खडकाने त्या शंकेला सबळ उत्तर दिले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते, भारताचा तुकडा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि त्याच्या विस्तृत भागावर बर्फाचे आच्छादन होते. या जोडखंडाला पुढे गोंडवनभूमी हे नाव पडले, ते मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून. ज्या शहराला आज उन्हाळ्यात देशातील अत्यंत तापलेल्या शहरांत गणले जाते, त्या चंद्रपूरपासून थोड्याच अंतरावर हिमनदीच्या खुणा असाव्यात, याहून मोठे आश्चर्य या जिल्ह्यात दुसरे नाही.

बर्फ वितळल्यावर त्या जागी नद्या, सरोवरे आणि विस्तीर्ण दलदली तयार झाल्या. जिभेच्या आकाराची पाने असलेल्या ग्लॉसोप्टेरिस जातीच्या झाडांची दाट वने त्या दलदलींत वाढली, पडली, पाण्याखाली कुजण्याआधीच गाळाखाली दबली आणि दाब व उष्णता यांच्यामुळे त्यांचा दगडी कोळसा झाला. कोळसा बाळगणाऱ्या या वालुकाश्मांच्या थरांना बराकर थर म्हणतात. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना घट्ट चिकटून बनलेला खडक. याच सुमारास जमिनीचा एक लांबट पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून हळूहळू खचत गेला आणि खचलेल्या या खोऱ्यात थर सुरक्षित राहिले. वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेल्या त्या खचदरीतूनच पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांनी आपल्या वाटा काढल्या. कोळशावर नंतर कामठी नावाने ओळखला जाणारा तांबूस-पिवळा वालुकाश्म साचला, आणि पश्चिमेकडे त्याहीवर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाचे काळे थर पसरले. म्हणूनच वरोऱ्याकडे कापसाची काळी माती आहे, तर पूर्वेकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांत जुन्या स्फटिकी खडकांवर भातशेती आणि तलाव आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील पिकांचा नकाशा हा बऱ्याच अंशी खडकांचाच नकाशा आहे.

या कोळशाचा पहिला पद्धतशीर अभ्यास टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी केला आणि वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरील त्यांचा प्रबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच, १८७१ मध्ये, वरोरा येथे सरकारने खाण सुरू केली होती. आजच्या महाराष्ट्रातील कोळसा उद्योगाचा प्रारंभ येथे झाला. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास कोळशासाठी रेल्वेमार्ग टाकण्यात आला आणि हिंगणघाट-वरोऱ्याच्या कापूसपट्ट्यातून कोळशाच्या वाघिणी धावू लागल्या. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, तोवर दक्षिणेला बल्लारपूर येथे नवी खाण सुरू झालेली होती, आणि पुढे घुग्घुस, महाकाली, लालपेठ, माजरी, सास्ती अशी खाणींची माळच वर्धेच्या दोन्ही काठांवर तयार झाली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि १९७५ पासून त्या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या ताब्यात आहेत.

रेल्वेच्या आधीही या प्रदेशाला समुद्राशी जोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता आणि तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून नावांनी थेट काकीनाडा बंदरापर्यंत न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आखली गेली. सर आर्थर कॉटन हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. मात्र नदीच्या वाटेत कठीण खडकांचे तीन मोठे अडथळे होते : पहिला दुम्मागुडेमजवळ, दुसरा सिरोंच्याच्या खालच्या अंगाला इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. मऊ थर कापून नदी खोल झाली होती, पण या ठिकाणी जुना कठीण खडक पात्रात वर आला होता. त्याला वळसा घालणारे कालवे आणि दरवाजे बांधण्यावर अनेक वर्षे खर्च झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. ज्या वर्षी नदीवाटेचा नाद सुटला, त्याच वर्षी वरोऱ्याची खाण सुरू झाली, हा योगायोग या जिल्ह्यांच्या औद्योगिक इतिहासात लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यानंतरचा सगळा व्यापार पाण्याऐवजी वाफेवर चालला. बल्लारशाह-काझीपेठ हा दुवा १९२९ च्या सुमारास पूर्ण झाला, तेव्हा दिल्ली आणि मद्रास यांना जोडणारा मुख्य लोहमार्गच चंद्रपूर जिल्ह्यातून जाऊ लागला.

लोखंडाची कथा याहून अधिक चटका लावणारी आहे. सिंदेवाही तालुक्यातील लोहारा येथील टेकडी लोहखनिजाची आहे आणि या भागातील कारागीर लाकडी कोळशाच्या छोट्या मातीच्या भट्ट्यांत पिढ्यानपिढ्या लोखंड गाळत होते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाची वाखाणणी होती आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नाही, याकडेही लक्ष वेधलेले होते. नागपूरला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा यांच्या वाचनात तो अहवाल आला आणि भारतात पोलादाचा कारखाना काढण्याची त्यांची कल्पना चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याभोवती फिरू लागली. पण वरोऱ्याचा कोळसा तपासणीत उतरला नाही. झोतभट्टीत लोखंड गाळायचे तर कोळसा हवेविना भाजून त्याचा कोक करावा लागतो; हा कोक कठीण आणि सच्छिद्र असावा लागतो, म्हणजे वरच्या खनिजाचा भार तो पेलतो आणि त्यातून झोताची हवाही खेळते. वर्धा खोऱ्यातला कोळसा राखेचे प्रमाण जास्त असलेला आणि कोक न होणारा आहे. त्यात तत्कालीन खाणकामाचे नियमही जाचक होते, त्यामुळे योजना मागे पडली.

नियम सैल झाल्यावर टाटांनी पुन्हा चांद्याकडेच मोर्चा वळवला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी हा जंगली मुलूख तुडवला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम प्रतीचे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे नाही, असा निष्कर्ष निघाला. याच काळात नागपुरात दोराबजींच्या पाहण्यात एक भूवैज्ञानिक नकाशा आला, त्यावरून शोध दुर्ग जिल्ह्याकडे वळला. नंतर प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या लोहखनिजाची माहिती कळवली आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीने साक्ची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, बस्तान बसवले. कोळशाचा एक रासायनिक गुण वेगळा असता, तर भारताच्या पोलाद उद्योगाची जन्मभूमी म्हणून कदाचित चंद्रपूरचे नाव घेतले गेले असते. जो कोळसा पोलादाला चालला नाही, तो विजेला मात्र चालला. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांतला उजेड या दलदलींच्या कोळशावर अवलंबून आहे.

वरोऱ्याच्याच उत्तरेला पिजदुरा नावाचे छोटे गाव आहे. भूवैज्ञानिक लेखनात ते पिसदुरा म्हणून ओळखले जाते. नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे १८६० च्या सुमारापासून, येथील शेतांत महाकाय सरीसृपांची हाडे मिळत आल्याची नोंद आहे. ही हाडे लॅमेटा थरांतील, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या अगदी आधी साचलेल्या गाळातील आहेत. पण पिजदुऱ्याला जगाच्या नकाशावर नेले ते हाडांनी नव्हे, तर विष्ठाश्मांनी. विष्ठाश्म म्हणजे दगड झालेली विष्ठा. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठाश्मांतून वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे गारेचे सूक्ष्म कण वेगळे काढले. प्रत्येक वनस्पतिकुळात या कणांचा आकार वेगळा असतो आणि झाड नष्ट झाले तरी ते टिकून राहतात. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले की, डायनोसॉर गवत खात होते आणि गवते त्या काळीच पुष्कळ विविध झाली होती. तोवर गवते डायनोसॉरनंतरची, असाच सर्वसाधारण समज होता. २०११ मध्ये त्यांच्या पुढच्या संशोधनाने भाताच्या गटातील गवतांचा उगमही त्याच काळापर्यंत मागे नेला. ज्या जिल्ह्याचा अर्धा भाग भातावर जगतो, त्याच जिल्ह्याच्या मातीत भाताच्या पूर्वजांचा हा पुरावा मिळावा, ही गोष्ट येथील प्रत्येक शाळेत शिकवली जावी अशा योग्यतेची आहे.

माणसाने या खडकांचे काय केले, ते पाहण्यासाठी चंद्रपूर शहरासारखी दुसरी जागा नाही. गोंड राजांनी बल्लारपूरहून राजधानी येथे आणली आणि शहराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा परकोट उभारला, तो स्थानिक वालुकाश्मातच. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे, आणि चोर, विठोबा, हनुमान, मसाण व बगड या खिडक्या, म्हणजे छोटी प्रवेशद्वारे, अजूनही शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले दिसते. या परकोटावर माजलेली झाडेझुडपे २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने काढली, आणि राजधानीची मूळ रेषा नव्या पिढीला पुन्हा दिसू लागली. शहराच्या दक्षिण अंगाला, लालपेठच्या खाणींच्या शेजारीच, उघड्यावर पडलेल्या भव्य पाषाणमूर्तींचा समूह आहे. रायप्पा नावाच्या धनिक कोमट्याने मोठे देवालय बांधण्यासाठी त्या घडवल्या आणि काम अपुरे राहिले, असे परंपरा सांगते. दहा मुखांची देवी ही त्यांतील सर्वांत मोठी मूर्ती असून ती सुमारे २५ फूट लांबीच्या एकाच शिळेतून घडवलेली आहे. वालुकाश्म कोरायला मऊ आणि मोठ्या शिळांत मिळणारा असल्यामुळेच एवढे धाडस कोणाला सुचू शकले. भद्रावतीजवळची विजासन लेणी आणि वैनगंगेच्या काठावरचा मार्कंडा देवाचा मंदिरसमूह हीदेखील याच खडकातील कलाकुसर होय. मार्कंड्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात घेतली. तेथे नदी उत्तरेकडे वळते, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत पूर्व विदर्भातील माणूस तेथे लोटतो.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले की, जमिनीचे रूप बदलते. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. आलापल्लीचे सागवान देशभर प्रसिद्ध असून, तेथील जुन्या सागवृक्षांचा ‘वनवैभव’ म्हणून ओळखला जाणारा राखीव तुकडा २०१४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये गेलेले सागवानही याच जंगलपट्ट्यातले. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’मध्ये केला आहे. चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि तिच्या काठाने दक्षिणेला गेल्यावर सिरोंचा तालुक्यात सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक काळातील थर लागतात. प्राणहितेकाठच्या कोटा या गावावरूनच त्या थरांना कोटा थर हे नाव मिळाले. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, १९६१ मध्ये याच थरांतून एका प्रचंड डायनोसॉरची हाडे निघाली. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्यामुळे त्याला बारापासॉरस टागोराय हे नाव देण्यात आले आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. अलीकडच्या काठावर वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केले असून तेथे दगड झालेले वृक्षांचे बुंधे जागच्या जागी पाहता येतात. सालीच्या रेषा आणि गाठी ओळखू येतात, मात्र हात लावल्यावर लागते ती गार.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे डोंगर या सर्वांहून जुन्या, अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडच्या खडकांचे आहेत आणि लोहाने समृद्ध आहेत. लोहाऱ्याला जे साधले नाही ते आता येथे होत आहे : गेल्या दशकात खाणकाम सुरू झाले आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहत आहे. माडिया गोंडांसाठी मात्र सुरजागड हे ठाकूरदेवाचे स्थान आहे, आणि डोंगराचे मोल केवळ टनांत मोजणे त्यांना मान्य नाही. खाणीने रोजगार येतो हे खरे. पण चंद्रपूरचा अनुभव डोळ्यांआड करता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण-निर्देशांकानुसार क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चौथा क्रमांक ८३.८८ गुणांसह चंद्रपूरचा लागला होता. उघड्या खाणींतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर वर्धेच्या आणि इरईच्या काठांवर आज नव्या टेकड्यांसारखे उभे आहेत. जमिनीने कोट्यवधी वर्षांत जे साठवले ते दीडशे वर्षांत उपसताना त्याची किंमत येथील श्वासांनी मोजली आहे, आणि हाच हिशेब गडचिरोलीत पुन्हा मांडायचा काय, हा प्रश्न तेथील ग्रामसभांनी विचारणे सर्वथा रास्त आहे.

प्रवाशांच्या दृष्टीने पाहता, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा हे राज्यातील या प्रकारचे पहिले उद्यान आहे आणि त्याची कीर्ती वेगळी सांगायला नको. तेथील मुख्य क्षेत्र पावसाळ्यात बंद असते. वरोऱ्याचे आनंदवन आणि भामरागडजवळ हेमलकशाचा १९७३ मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प यांनाही पुष्कळ लोक आवर्जून भेट देतात. मात्र पिजदुरा, इरई, लालपेठ आणि सिरोंचा यांना जोडणारा भूवारशाचा एक मार्ग सहज आखता येण्यासारखा आहे. नागपूरजवळ सावनेर येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने २०१६ पासून खाण-पर्यटन सुरू करून दाखवले आहे. मग राज्याच्या कोळसा उद्योगाचा जेथे जन्म झाला त्या वरोरा-बल्लारपूर पट्ट्यात खाणीचे संग्रहालय व्हायला हरकत नसावी. लोणार सरोवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे, तसाच तो इरईच्या ओरखडलेल्या खडकालाही मिळावा. आणि तोवर जे वाचक या भागात जातील त्यांनी एवढे पथ्य पाळावे की, शेतात किंवा नदीकाठी जीवाश्म दिसला तर तो आठवण म्हणून खिशात घालू नये, जागेवरच ठेवावा आणि त्याची माहिती वनविभागाला किंवा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवावी, कारण जागेवरून हललेला जीवाश्म त्याच्या थराचे वय सांगू शकत नाही.